सावली गायब, सर

दिपमालाशी पटवून घेणं सोपं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. जळगावच्या पिंप्राळ्यात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "बाही जरा आखूड करा", की ही आधी विचारते, "का?" बाई गोंधळते. तिला वाटतं, शिवणारणीने माप घ्यावं आणि गप्प बसावं. दिपमाला गप्प बसत नाही, आणि समोरचा गप्प बसला की तिला करमत नाही. दुकान तरीही चालतं, कारण तिच्या हातचा ब्लाउज अंगाला बसतो. बायका शिव्या देत येतात, पण येतात.

ती बीएस्सी आहे. आम्ही दोघी जळगावच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, तास चालू असताना बाकाखाली डबा खाणारी. ती पहिल्या तासापासून हात वर करणारी. आम्हाला रसायनशास्त्र शिकवायला प्रेमराज बाविस्कर सर होते. वर्गात मुलगी प्रश्न विचारते म्हणून मागची पोरं हसली, तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला आणि त्या पोरांना एकेक करून उभं केलं. म्हणाले, "ही विचारते म्हणून मला शिकवावंसं वाटतं. तुमच्यासाठी मी नुसता पगार घेतो." त्या दिवसापासून सर म्हणजे तिचा देव झाले. पुढे तिला एमएस्सी करायचं होतं, घरच्यांनी लग्न करून दिलं. नवरा ललित डाळ मिलमध्ये ऑपरेटर आहे. माणूस सरळ आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी शाळेत शिक्षिका झाले. तिने शिलाई मशीन घेतलं.

सर निवृत्त झाले आणि धुळ्याला देवपुरात राहायला गेले. तिथे बसून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला, 'खान्देश विज्ञान कट्टा'. धुळे, जळगाव, अमळनेर, शिरपूर, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचे लोक त्यात होते. शिक्षक, शेतकरी, पाइप कारखान्यातले इंजिनिअर, जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका, सुना. उद्देश फार चांगला होता. आपल्या भागातल्या माणसांनी विज्ञानावर आपापसांत बोलावं, वाद घालावा, प्रश्न विचारावेत.

प्रत्यक्षात काय व्हायचं? सकाळी सर एक लांबलचक लेख टाकायचे. पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची. "खूप छान माहिती सर." "ज्ञानात भर पडली." "आपण आमचे दीपस्तंभ आहात." लेख वाचायलाच दहा मिनिटं लागली असती, आणि यांच्या ज्ञानात पाच मिनिटांत भर पडलेली. मग दिवसभर शांतता. कोणी एक प्रश्न विचारत नसे. एकदा सरांकडून चुकून आदल्या दिवशीचाच लेख पुन्हा गेला, तर त्यालाही "नवीन माहिती मिळाली सर" असं उत्तर आलं. मी हे वाचून घरात एकटी हसले होते. दिपमाला हसली नाही. तिने मला फोन केला आणि अर्धा तास चिडून बोलली.

होळीनंतर सरांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रोज ग्रुप सांभाळणं त्यांना जमेना. त्यांनी दिपमालाला अ‍ॅडमिन केलं. दुसरा अ‍ॅडमिन भूषण होता, सरांचाच जुना विद्यार्थी, आता मोठा इंजिनिअर. भूषणच्या मते ग्रुप उत्तम चालला होता. कुठे भांडण नाही, कुठे गडबड नाही. दिपमालाच्या मते ग्रुप मेला होता आणि लोक रोज सकाळी येऊन त्याला नमस्कार करून जात होते.

तिने कंबर कसली. आधी प्रश्नमंजूषा काढली. लोकांनी इंटरनेटवरून उत्तरं उचलून चिकटवली, कोणाकोणाच्या उत्तरात तर दुसऱ्याच कुठल्या साइटची जाहिरातही आली. मग तिने घरगुती प्रश्न टाकला, की मे महिन्यात कूलर घर गार करतो, तोच पावसाळ्यात का करत नाही. चार दिवस कोणी बोललं नाही. पाचव्या दिवशी एक जण म्हणाला, "उत्तम प्रश्न, ताई," आणि हात जोडले.

वैशाखात एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाला ती अमळनेरजवळच्या गावात गेली होती. मीही सोबत होते, सुट्टीच लागली होती. वरण-बट्टीची पंगत बसली होती. वाढणाऱ्या बायकांमधली एक तरुण सून आमच्यासमोर थांबली आणि तिने हळूच विचारलं, "तुम्ही त्या कट्ट्याच्या ताई ना?" तिचं नाव सारिका. बारावी सायन्स झालेली, मग लग्न झालेलं. तूप वाढता वाढता तिने जे प्रश्न सुरू केले ते थांबेनात. वांगं न टोचता भाजलं तर फुटतं, मग टोचल्यावर का फुटत नाही? बट्टी आधी उकडून मग तळायची, तर उकडल्यावर आतून कोरडी कशी राहते? कूलरचा तुमचा प्रश्न वाचला, त्याचं उत्तर माठाच्या पाण्यात आहे का? मागून पंगत ओरडत होती की इकडे तूप कोण वाढणार.

दिपमालाने तिचा हात धरला. हे सगळं ग्रुपवर का लिहीत नाहीस, असं विचारलं. सारिका क्षणभर आमच्याकडे बघत राहिली. एवढी शिकलेली बाई एवढं साधं कसं विचारते, असा तिचा चेहरा होता.

"आबा शेतस ना ग्रुपमा," ती म्हणाली. "त्यासना मव्हरे मी कशी बोलू?"

आबा म्हणजे भिकन आबा, तिचे सासरे. गावात मान असलेला शेतकरी, सरांचा बालमित्र. ज्या ग्रुपात सासरा आहे, त्या ग्रुपात सुनेने तोंड कसं उघडायचं?

परतीच्या वाटेवर दिपमालाने मला एकेक नाव घेऊन दाखवलं. अमक्या शिक्षकाचे मुख्याध्यापक ग्रुपात आहेत. तमक्या इंजिनिअरचा साहेब आहे. त्या मुलीचा होणारा सासरा आहे. आणि सगळ्यांचे सर तर आहेतच. प्रत्येकाच्या वर कोणीतरी एक आबा बसलेला होता. हे लोक अडाणी नव्हते, आळशीही नव्हते. त्यांच्या अंगात चांगल्या घरचे संस्कार होते आणि त्या संस्कारांनी त्यांची तोंडं शिवून टाकली होती. मला हे ऐकून वाईट वाटलं. दिपमालाला राग आला, आणि तिचा राग कामाला लागतो.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर नियम टाकला. हात जोडलेल्या चित्राला बंदी. "छान माहिती"ला बंदी. चुकीचं उत्तर चालेल, आपल्या बोलीतलं चालेल, मोठ्यांना खोडून काढलेलं चालेल. मान चपलांसोबत दाराबाहेर ठेवून कट्ट्यावर यायचं. यावर बारा जणांनी ताबडतोब उत्तर दिलं, "छान नियम, ताई," आणि बाराही जणांनी हात जोडले.

ललित म्हणाला, कशाला लोकांच्या मागे लागतेस, त्यांना नाही बोलायचं तर नाही बोलायचं. ती म्हणाली, मला बोलायचंय. दिवसभर मी बाह्या आणि गळे याशिवाय कोणाशी काय बोलते? ग्रुप ही तिची एकमेव जागा होती जिथे शिलाईवाली ताई सोडून ती आणखी कोणीतरी होती, आणि तिथे तिला भिंतीशी बोलायचं नव्हतं.

मेच्या अखेरच्या आठवड्यात सरांचा लेख आला. शून्य सावलीचा दिवस. आपल्या भागात या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते. आज दुपारी बाराच्या ठोक्याला साऱ्या खान्देशात सावली नाहीशी होईल, सर्वांनी बघावं आणि फोटो टाकावा, असं सरांनी लिहिलं होतं.

दिपमालाने लेख वाचला आणि तिला हसू फुटलं. मी शेजारीच बसले होते. तिने मला समजावून सांगितलं. साऱ्या देशाचं घड्याळ एक आहे, पण सूर्य काही साऱ्या देशाच्या डोक्यावर एकदम येत नाही. तो पूर्वेकडून येतो, आपल्याकडे पोचेपर्यंत घड्याळात बारा वाजून वर बराच वेळ गेलेला असतो, जवळजवळ साडेबारा होतात. सर रसायनाचे, आकाश त्यांचा विषय कधीच नव्हता. सवयीने बारा लिहून गेले. मी म्हटलं, मग त्यांना फोन कर. ती म्हणाली, मुळीच नाही. शेकडो माणसं बारा वाजता उन्हात उभी राहतील, सावली गेलेली नसेल, मग कोणीतरी विचारेलच ना? आज बोलतील बघ. ती एवढी खुश झाली होती की तिने एका बाईच्या ब्लाउजला बाही उलटी लावली.

बारा वाजले आणि फोटो यायला लागले. धुळ्यातून, पारोळ्यातून, चोपड्यातून. उभ्या केलेल्या काठ्या, पाण्याचे तांबे, झाडू, एकाने तर नातू उन्हात उभा केलेला. प्रत्येक फोटोत सावली होती. झाडूच्या पश्चिमेला सरळ रेघ पडलेली, नातवाच्या पायांजवळ काळा ठिपका पसरलेला. आणि प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं, "सावली गायब, सर." "बरोबर बाराला नाहीशी झाली सर, धन्य झालो." भिकन आबांनी अंगणात उभ्या केलेल्या मुसळाचा फोटो टाकला, मुसळाची सावली स्पष्ट दिसत होती, आणि खाली, "सावली पूर्ण गेली. बाविस्कर सरांना वंदन." सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेतले करमसिंग गुरुजी फोटो टाकू शकले नाहीत, पण त्यांनी लिहिलं, "आमच्याकडेही गायब."

दिपमाला फोन हातात धरून बसून राहिली. माणसं उन्हात उभी राहिली होती, डोळ्यांनी सावली बघत होती, तिचा फोटो काढत होती आणि ती नाही असं लिहीत होती. सर बारा म्हणाले म्हणजे बारा. सरांना खोटं पाडायचं कसं? मग डोळ्यांना खोटं पाडा.

तिने लिहिलं, आणि लिहिताना मला दाखवलं नाही, नाहीतर मी थांबवलं असतं. "सर्व फोटोंमध्ये सावली दिसते आहे. सरांची वेळ चुकली आहे. आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला साडेबारा होतात. चूक कोणाचीही होऊ शकते. पण तुम्ही सगळ्यांनी बघूनही खोटं लिहिलं, हे मला सहन होत नाही."

ग्रुपवर असा सन्नाटा पसरला की तो मला इथे पिंप्राळ्यात ऐकू आला. थोड्या वेळाने भूषणचा फोन आला. तो मोठ्याने बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं. गुरूचा चारचौघांत अपमान, एका शिवणाऱ्या बाईने, वगैरे. उद्या दुपारी एकपर्यंत ग्रुपवर माफी मागायची, नाहीतर ग्रुप फक्त अ‍ॅडमिनना लिहिण्यापुरता ठेवला जाईल आणि अ‍ॅडमिनमधून तिचं नाव काढलं जाईल. बाकी सर्वांनी फक्त वाचायचं.

"आतापर्यंत तरी ते दुसरं काय करत होते?" दिपमालाने विचारलं आणि फोन ठेवला.

पण फोन ठेवल्यावर तिने ती उलटी बाही उसवायला घेतली आणि अर्ध्यात टाकून दिली. भूषणचं तिला काही नव्हतं. तिला सरांचं होतं. तिने दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाली, चल धुळ्याला.

एसटीत भर उन्हात बसलो. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, हे मी तिच्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. देवपुरात सरांच्या घरी पोचलो. काकूंनी पन्हं दिलं. सर काळा चष्मा लावून झोपाळ्यावर बसले होते, उठले नाहीत. दिपमाला वाकून त्यांच्या पाया पडली आणि मग खाली चटईवर बसली.

सरांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "सकाळीच तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मग मला फोन करायचा. मी दुरुस्त केलं असतं."

"फोन केला असता तर फक्त तुम्ही दुरुस्त झाला असता, सर. ग्रुप तसाच राहिला असता."

सरांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, ऑपरेशनमुळे की आणखी कशामुळे, मला सांगता येत नाही. ते म्हणाले, चाळीस वर्षं शिकवलं, कोणी बोट दाखवलं नाही, आणि तू एवढ्या लोकांसमोर मला चुकीचं ठरवलंस. अपमान म्हणजे काय ते तुला कळतं का, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता ती रडेल. मला स्वतःला रडू येत होतं.

"एवढ्या लोकांनी तुमच्यासाठी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, सरांना खरं सोसणार नाही. तो अपमान मोठा की मी केलेला?"

काकूंनी आतून येऊन पन्ह्याचे पेले उचलले आणि पुन्हा आत गेल्या. सर झोपाळ्याची कडी धरून बसले होते. त्यांनी तिचं म्हणणं मान्य केलं नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण मागाहून लोकांनी वेगळंच सांगितलं. ते म्हणाले, लोकांना माझ्याबद्दल आदर आहे, त्याला तू खोटेपणा म्हणतेस. दिपमाला म्हणाली, उद्याही सूर्य जवळपास तिथेच येणार आहे. उद्या पुन्हा बघू द्या. बारापासून बघत राहू द्या आणि दिसेल ते लिहू द्या. तुम्ही बरोबर निघालात तर मी माफी मागते आणि ग्रुप सोडून जाते.

"बघू देत," सर म्हणाले. "पण माझ्याविरुद्ध कोणी लिहिणार नाही. तू एकटी पडशील, दिपमाला. एक वाजता भूषण करायचं ते करेल, मी त्याला अडवणार नाही."

"एकटी तर मी तुमच्या वर्गातही होते," ती म्हणाली. ती उठली, पुन्हा पाया पडली आणि बाहेर आली. बसस्टँडवर येईपर्यंत तिने मला तिच्याकडे बघू दिलं नाही.

बसमध्ये बसल्या बसल्या तिने ग्रुपवर लिहिलं. उद्या पुन्हा काठी रोवा, सावली सर्वात लहान कधी होते ते बघा, दिसेल तेच लिहा. सरांची वेळ बरोबर निघाली तर मी माफी मागून ग्रुप सोडेन. कोणाचंही उत्तर आलं नाही. घरी गेल्यावर ललितनेही तिला माफी मागून टाकायला सांगितलं. तिने त्याला जेवायला वाढलं आणि उद्यासाठी लाटणं बाजूला काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या गच्चीवर. जळगावच्या मे महिन्यात दुपारी गच्चीवर जाणाऱ्या बाईला शेजारी वेडी म्हणतात, आणि शेजारीण खरंच खिडकीतून तसं म्हणाली. डोक्यावर ओले टॉवेल घेतले होते, पायांत चपला असून चटके बसत होते. दिपमालाने कुंडीतल्या ओल्या मातीत लाटणं सरळ उभं केलं होतं, दोऱ्याला कात्री टांगून ते सरळ आहे की नाही हेही तपासलं होतं. बारा वाजले. सावली होती. मग ती हळूहळू आत सरकायला लागली. बारा पंचवीसच्या आसपास लाटण्याच्या बुडाशी नुसती एक काळी कड राहिली, आणि मग तीही राहिली नाही. दिपमालाने फोटो काढला, वेळ लिहिली आणि ग्रुपवर टाकला.

कोणी काही बोललं नाही. निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे सगळे बघत होते. पाऊण वाजला. भूषणने लिहिलं, "पंधरा मिनिटं राहिली आहेत, ताई." त्या मेसेजला मात्र लगेच तिघांनी अंगठे दाखवले. मला इतका संताप आला की मी फोन खाली ठेवला. मीही याच ग्रुपात होते, मी तरी का गप्प होते, असं मनात आलं आणि मी दिपमालाच्या फोटोखाली लिहिलं, "मी शेजारी उभी आहे. खरं आहे." पण माझ्या लिहिण्याला काय अर्थ? मैत्रीण मैत्रिणीच्याच बाजूने बोलणार.

मग वर सारिकाचं नाव दिसायला लागलं. ती लिहीत होती. थांबली. पुन्हा लिहायला लागली, पुन्हा थांबली. दिपमाला फोनकडे बघत उन्हात उभी होती, टॉवेल खाली पडलेला तिला कळलाही नाही.

मेसेज आला. "आज बारा ले मुसळनी सावली चार बोटं व्हती. मी गुडघा टेकीसन मोजी. ती साडेबारा वाजाना येळे गई. काल आबांनी गायब लिखं तवय ते जेवाले बठेल व्हतात, फोटो मीच काढा व्हता. सर चुकनात."

ग्रुपातल्या प्रत्येक माणसाला कळलं की आत्ता काय झालं. घरची सून गावच्या आबांना आणि आबांच्या बालमित्राला, सगळ्यांसमोर, घरच्या बोलीत, चुकलात म्हणाली होती. आता सगळा ग्रुप आबांची वाट बघत होता. दिपमाला पुटपुटत होती, त्या पोरीला घरात आता काय ऐकावं लागेल, मीच तिला या भानगडीत ओढलं. तिचा सगळा ताठा त्या क्षणी उतरला होता. ती घाबरली होती.

भिकन आबांनी या वेळी लिहिलं नाही, बोलून पाठवलं. त्यांचा आवाज आला, मागे भांड्यांचा खडखडाट होता. "सारिका सांगस ते खरं शे. मी काल बी जेवाले बठेल व्हतू आनि आज बी."

दिपमाला गच्चीवर मटकन खाली बसली आणि लगेच चटका बसून उठली. आम्ही दोघी हसत होतो, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालं ते मला नीट वाचताही येईना. ज्याने नातू उभा केला होता त्याने कबूल केलं की सावली होती, पण लिहायचा धीर झाला नाही. करमसिंग गुरुजींनी तर कमाल केली. त्यांनी लिहिलं, "आमच्याकडे काल ढग होते. आजही आहेत. मी सूर्यच पाहिलेला नाही." धुळ्याचा एक जण म्हणाला, आमची सावली जळगावच्या ताईंपेक्षा उशिरा गेली, तुमचं लाटणं वाकडं असेल. जळगावच्या दोघांनी त्याला विचारलं, तुझं घड्याळ सरळ आहे का? तिसरा मध्ये पडला की धुळे पश्चिमेला आहे, उशीर व्हायलाच हवा. मग किती उशीर व्हायला हवा, यावर जुंपली. कोणी कोणाला सर म्हणत नव्हतं. दिपमाला सगळ्यांच्या मध्ये घुसून तिघांना एकदम उत्तरं देत होती आणि त्यातलं एक उत्तर चुकलं, ते कोणीतरी लगेच दाखवून दिलं. तिने "हो, चुकले" लिहिलं आणि पुढे भांडायला लागली.

एक वाजला. भूषणने लिहिलं, "सर, गोंधळ फार झाला. बंद करू?"

सगळे थांबले. वर सरांचं नाव दिसायला लागलं. त्यांना लिहायला वेळ लागतो, डोळ्यांना अजून अक्षरं नीट दिसत नाहीत. दिपमालाने माझं मनगट पकडलं होतं, तिच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

सरांनी भूषणला उत्तर दिलंच नाही. त्यांनी लिहिलं, "सारिका, चार बोटं म्हणजे कोणाची? आणि मुसळ किती लांब? एवढ्यावरून मी माझी चूक मान्य करणार नाही."

सारिकाचं उत्तर यायला या वेळी अजिबात वेळ लागला नाही.

"बोटं मनी, मुसळ सासूनं. तुमनी बोटं जाडी व्हतीन ते तुमी उनमा उभा ऱ्हाईसन मोजा, मंग सांगा."